पारा, मिनामाटा करार आणि तो फॉरवर्ड

माझ्या भाचीचं लग्न ठरलंय. तेव्हापासून ती पार्लरमधून आणलेलं, बिनलेबलच्या डबीतलं गोरेपणाचं क्रीम लावतेय. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो, बंद कर म्हटलं, तर तिने मला एक फॉरवर्ड पाठवला. त्याचं म्हणणं असं: पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाटा करार हा पाश्चात्त्यांचा डाव, तो भारताच्या गळ्यात मारला, आता रसौषधी (पारा घालून केलेली आयुर्वेदिक औषधं), पाऱ्याची शिवलिंगं आणि कोळशावरची वीज बंद होणार, पारा गिळला तरी बाहेर पडतो आणि क्रीममधला तर वरच्यावरच राहतो.

पाश्चात्त्यांचा डाव? मिनामाटा जपानमध्ये आहे. चिस्सो कंपनीचं पारायुक्त सांडपाणी तिथल्या खाडीत जात होतं. तो पारा माशांत गेला आणि माशांतून कोळ्यांच्या घरांत. आजाराची अधिकृत नोंद १९५६ची आणि ते सांडपाणी थांबलं १९६८मध्ये. आया वरकरणी धडधाकट, आणि पोटातल्या बाळांच्या मेंदूला जन्माआधीच इजा. मिनामाटा ज्या कुमामोतो प्रांतात आहे, तिथेच २०१३ साली करार स्वीकारला गेला. भारताने २०१४मध्ये सही केली, अनुमोदन दिलं २०१८मध्ये. गळ्यात मारलेल्या कराराला विचार करायला चार वर्षं मिळत नाहीत.

श्रीमंत देश धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे मान्य. कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना १९८०च्या दशकात अमेरिकेतून उचलून इथे आणला होता; २००१मध्ये तो बंद झाला, पण पारा मातीत राहिला. मात्र हा मुद्दा कराराच्या बाजूचा आहे. या करारामुळेच आता पारा दुसऱ्या देशात पाठवायचा तर आधी त्या देशाची लेखी संमती घ्यावी लागते.

रसौषधी आणि शिवलिंगांचं उत्तर कराराच्या परिशिष्ट 'अ'मध्येच आहे. कोणत्या वस्तूंवर बंदी आणि कोणत्या वगळल्या, ते तिथे लिहिलंय. वगळलेल्यांत 'पारंपरिक किंवा धार्मिक प्रथांमध्ये वापरली जाणारी उत्पादनं' हे कलम स्पष्ट शब्दांत आहे. हा मजकूर कुणालाही मोफत वाचता येतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो उघडूनही पाहिलेला नाही. कोळशाचंही तेच. वीजकेंद्रं बंद करा असं करारात कुठेही नाही, धुरातला पारा कमी करा एवढंच आहे, आणि जुन्या केंद्रांसाठी तर उपाय निवडायची मोकळीक आहे.

आता क्रीम. मला खरा राग याच मुद्द्याचा आहे. थर्मामीटरमधला पारा गिळला तर बहुतेक सगळा न शोषला जाता बाहेर पडतो, इतपत खरं. पण त्याचीच वाफ श्वासातून गेली तर थेट रक्तात उतरते. आणि क्रीममध्ये असतात पाऱ्याचे क्षार. ते त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होऊ देत नाहीत, म्हणून चेहरा उजळतो. पण तेच क्षार त्वचेतून आत शिरून मूत्रपिंडात साठतात. अकोल्यात एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. केरळमधल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास 'किडनी इंटरनॅशनल' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्यातल्या १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला, आणि त्या १५पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम लावत होते. याला 'वरच्यावर' म्हणतात?

म्हणूनच करारातल्या देशांच्या २०२३च्या जिनिव्हा बैठकीत सौंदर्यप्रसाधनांसाठीची जुनी मर्यादाही काढून टाकली. आधी दहा लाखांत एक भागापर्यंत पारा चालत होता, आता पारा घातलेलं प्रसाधन कितीही कमी प्रमाणात चालणार नाही.

डबीवर कॅलोमेल, मर्क्युरिक किंवा मर्क्युरस असं पाऱ्याचं काही नाव लिहिलं असेल, किंवा 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' अशी सूचना असेल, तर ते क्रीम लावू नका. काहीच लिहिलं नसेल तर त्याहून नको. आणि जे लावत आले आहेत त्यांनी डॉक्टरांना क्रीमबद्दल सांगून लघवीतली प्रथिनं आणि पारा तपासून घ्यावा. भाचीची तपासणी या आठवड्यात आहे.