‘मेटलसाठी मागितली एक गिटार, दिली दुसरीच’ : रिव्ह्यूला दुकान मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. काल पाडव्याची बिलं काढून बघितली, काउंटरवरच्या मुलाशी बोललो आणि मगच लिहायला बसलो. तुमच्या तक्रारी चार आहेत. तुमच्या मुलाने मेटल, म्हणजे जोरकस रॉक संगीत, वाजवायला फ्लॉइड रोझवाली (दांडी दाबून सूर वरखाली करता येतात अशी) टोकदार काळी गिटार मागितली होती, आम्ही साधी दिसणारी दिली. तीन महिन्यांत तारा खरखरायला लागल्या. अँपमधून (ॲम्प्लिफायरमधून) डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो. आणि आमच्याकडच्या मुलाने त्याला ‘आधी साधी गाणी शीक, मग मेटल’ असं ऐकवलं.

शेवटची आधी घेतो, कारण तीच मला सगळ्यात जास्त लागली. मी विचारल्यावर त्याने तसं बोलल्याचं कबूल केलं. तुमची आणि तुमच्या मुलाची मी मनापासून माफी मागतो. मेटल ही बाकी सगळं शिकून झाल्यावर हात लावायची गोष्ट नाही. दोन बोटांचा पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारा एकत्र वाजवायची सोपी पकड) नवख्यालाही थोड्या दिवसांत जमतो. कस लागतो तो उजव्या हाताचा. तळव्याची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तारांवर टेकवून आवाज दाबायचा, एकसारखे खाली फटके मारायचे आणि लय सुटू द्यायची नाही. ज्याला हे संगीत आवडतं त्याने यापासूनच सुरुवात करावी, हे मी दुकान टाकल्यापासून सांगत आलोय. माझ्याच काउंटरवर १४ वर्षांच्या मुलाला उलटं ऐकावं लागलं, याचं फार वाईट वाटतं.

खरखरीचा दोषही माझाच. एरवी आम्ही गिटार खोक्यातून काढून तारांची उंची, मानेचा बाक आणि इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागतो का) तपासूनच देतो, यालाच सेटअप म्हणतात. पाडव्याला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तुमची नुसती ट्यून करून दिली. चैत्रात ते खपून गेलं. मग पाऊस लागला. ठाण्यात जुलैत भिंतींना ओल येते, तसंच मानेचं लाकूडही हवेतला ओलावा घेतं आणि मान जराशी हलते. तुम्ही लिहिलंय की खरखर पहिल्या चार-पाच फ्रेटवरच (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आहे, पुढे नाही. म्हणजे मान गरजेपेक्षा सरळ झालेली दिसते. तिच्या आत ट्रस रॉड नावाची सळई असते. ती थोडी सैल केली की बाक परत येतो, आणि बाक लागतो तरी किती, जेमतेम पाव मिलिमीटर. घरी कोणाला पाना लावू देऊ नका. या प्रकारानंतर मी ठरवलंय की सण असो की नसो, सेटअप झाल्याशिवाय गिटार दुकानाबाहेर जाणार नाही. गिऱ्हाइकाला तासभर थांबावं लागलं तरी चालेल.

पण गिटारच्या निवडीबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे. ही निवड मी स्वतः केली होती. चूक एवढीच झाली की गर्दीत तिचं कारण समजावून सांगितलं नाही. ते आता सांगतो.

फ्लॉइड रोझमध्ये नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, तीन ठोकळ्यांखाली तारा आवळलेल्या असतात आणि ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या ताणावर तरंगत असतो. हात बसलेल्या वादकासाठी ती सुंदर चीज आहे. दांडी वाटेल तेवढी दाबा, सूर जागेवर परत येतात. पण तो एक तराजू आहे. एका पारड्यात तारा, दुसऱ्यात स्प्रिंगा. एक तार उतरवली की बाकीच्या पाचही चढतात. एक तुटली तरी तेच. आणि मेटलमध्ये ड्रॉप डी लवकरच लागतं, म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून डी वर आणायची. तुमच्याकडच्या गिटारवर एक खुंटी फिरवली की काम झालं. तिथे मात्र ॲलन कीने नट सोडा, तार उतरवा, बाकीच्या पाच पुन्हा लावा, तोवर पहिली हललेली असते, ती परत लावा, तरी नाही जमलं तर मागचं झाकण उघडून स्प्रिंगांचे स्क्रू फिरवा. रियाजाचा तास असा ट्यूनिंगमध्येच गेलेली आणि शेवटी गिटार कपाटावर टाकलेली मुलं मी पाहिली आहेत. शिवाय गिटार आणि अँप मिळून तुमचं बजेट २५,००० रुपयांचं होतं. त्यात मिळणाऱ्या अशा ब्रिजचा धातू बहुधा मऊ असतो. तो ज्या धारांवर टेकतो त्या झिजल्या की सूर जागेवर येईनासे होतात.

२०११ च्या ऑक्टोबरात मेटालिका हा प्रसिद्ध मेटल बँड बंगळूरला आला तेव्हा मी गेलो होतो. त्यांचे गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड वर्षानुवर्षं ज्या गिटारी वाजवतात त्यातल्या बहुतेकींचा ब्रिज पक्का, म्हणजे न हलणारा, असतो. त्यांच्याच शेजारी उभे राहणारे दुसरे गिटारवादक कर्क हॅमेट सोलोसाठी फ्लॉइड रोझ वापरतात. तुमच्या मुलाने मला फोनवर हॅमेट यांचाच फोटो दाखवला होता. त्याची आवड अगदी बरोबर आहे. पण पहिली दोन वर्षं शिकायचं ते काम हेटफिल्ड यांच्या उजव्या हाताचं.

तुमची गिटार दिसायला साधी आहे, पण तिचा एकेक भाग याच संगीतासाठी निवडलेला आहे. दोन हंबकर आहेत, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे पिकअप. हंबकरमध्ये दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात, त्यामुळे घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची घूं तिथल्या तिथे कटते. एकाच कॉइलच्या पिकअपवर गेन (आवाज फाटवणारं बटण) वाढवला की तीही वाढत जाते. स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, साडेपंचवीस इंचांची, म्हणून सूर उतरवला तरी जाड तार फार ढिली पडत नाही. आणि टोकदार व्ही आकाराची गिटार बसून वाजवताना मांडीवरून घसरते. नवं मूल तर पलंगाच्या कडेवर बसूनच शिकतं.

अँपचं थोडक्यात. रिव्ह्यूसोबतच्या फोटोत गेन पूर्ण आणि मिड (मधल्या पट्टीच्या सुरांचं बटण) शून्यावर दिसतोय. १० वॉटच्या छोट्या स्पीकरला खोल बास झेपत नाही, आणि मिड काढला की उरते ती गुणगुणच. गेन निम्म्यावर आणा, मिड निम्म्याच्या थोडा पुढे ठेवा. रेकॉर्डिंगमध्ये जी भिंत कोसळल्यासारखी गिटार ऐकू येते, तिथे बहुतेक वेळा एकच भाग दोन-तीनदा वाजवून डाव्या-उजव्या बाजूला ठेवलेला असतो आणि खाली बास गिटार असते. एकट्या गिटारने तो आवाज घरात येत नाही, हे मुलाला जरूर सांगा, नाहीतर तो स्वतःलाच दोष देत बसेल.

रविवारी सकाळी दहाला दुकान उघडतं. तेव्हा घोडबंदर रोडलाही गर्दी कमी असते. सेटअप आणि नव्या तारा माझ्याकडून, पैसे नकोत. त्यानंतरही मुलाला फ्लॉइड रोझच हवी असेल, तर ही गिटार पूर्ण किमतीला परत घेईन. फक्त आधी दुकानातल्या फ्लॉइड रोझवर त्याने स्वतःच्या हाताने सगळ्या तारा बदलून ती सुरात लावून बघावी. मी शेजारी बसेन, हवा तेवढा वेळ लागू दे. येताना केबलही आणा, अँपमधली खरखर कधीकधी तिचीच असते.

दुकान मालक, नौपाडा, ठाणे