मुख्याध्यापकहो, तेवढं वर्गापासून जपा

अभिनंदन! खुर्ची मिळाली, दारावर पाटी लागली, टेबलावर घंटी आली. आता एका धोक्याची कल्पना देऊन ठेवतो, कारण बढतीच्या पत्रात ती कुणी लिहीत नाही. तुमच्यामुळे मुलं शिकू शकतात.

घाबरू नका, पण आहे हे असं आहे. अर्थतज्ज्ञ एरिक हानुशेक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या शाळांची वर्षानुवर्षांची माहिती चाळली आणि २०१३ साली लिहिलं, की अतिशय कर्तबगार मुख्याध्यापकाच्या शाळेतलं सर्वसाधारण मूल एका शालेय वर्षात दोन ते सात महिन्यांचं शिकणं जास्तीचं पदरात पाडून घेतं. हे वाचून छातीत धडधडलं असेल, तर पुढचा भाग दिलासा देणारा आहे. निकृष्ट मुख्याध्यापक तेवढेच महिने उणे करू शकतो! म्हणजे मनावर घेतलं तर तुमच्याही हातून काहीतरी भरीव घडेल. शिवाय गरीब मुलांच्या शाळांत मुख्याध्यापका-मुख्याध्यापकातला हा फरक अधिकच ठळक दिसला. तेव्हा तसल्या शाळेत नेमणूक झाली म्हणून हिरमुसू नका. तिथं हाताला गुण लवकर येतो.

आता घाव कुठं घालायचा ते बघू. मुख्याध्यापक काही स्वतः उठून रोज अपूर्णांक शिकवत नाही. फिलिप हॅलिंजर आणि रोनाल्ड हेक यांनी १९९० च्या दशकात तोवरचे पंधराएक वर्षांचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांना हेच आढळलं: मुख्याध्यापकाचा परिणाम मुलांपर्यंत सहसा थेट पोचत नाही. तो शिक्षकांमधून, शाळेच्या वातावरणामधून, जरा आडवाटेनं जातो. तुमच्या दृष्टीनं ही फार सोयीची गोष्ट आहे. शेकडो मुलांच्या वाटेला जाण्याचे कष्ट वाचले. वाट एकच, ती स्टाफरूममधून जाते, आणि स्टाफरूमचा दरवाजा तुमच्या केबिनसमोरच आहे.

शैली कुठली निवडावी? यावर जुना, खात्रीचा प्रयोग उपलब्ध आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत आयोवा इथं दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी छोटी मंडळं केली. मुलांनी जमून मुखवटे वगैरे बनवायचे. एका प्रकारच्या मंडळात म्होरक्या सगळं स्वतः ठरवायचा, दुसऱ्यात मुलांशी बोलून ठरवायचा, तिसऱ्यात कशातच पडायचा नाही. हुकमी मंडळात काम झालं, पण म्होरक्या खोलीबाहेर पडला की हात थंडावायचे. बोलून ठरवणाऱ्या मंडळात मात्र तो बाहेर गेला तरी पोरं आपली खुशाल मुखवटे रंगवत बसायची.

केवढी ही नामुष्की! तुम्ही चार दिवस रजेवर गेलात आणि शाळेला पत्ताही लागला नाही, तर तुमचं महत्त्व ते काय राहिलं? तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात घ्या आणि ते जुडगं आपल्या खिशात. ग्रंथालयाचं कपाट, प्रयोगशाळा, खडूचा खोका, सगळं. मुलांना मैदानावर सोडायचं तरी तुमची सही. तुम्ही नसाल त्या दिवशी प्रयोगशाळा बंद राहील, आणि लोक म्हणतील, 'सर नसले की शाळा चालत नाही.' निवृत्तीच्या समारंभात हेच वाक्य गौरवानं म्हटलं जातं.

त्या प्रयोगात आणखी एक गंमत दिसली होती. दरडावणाऱ्या म्होरक्यावर राग काढता येईना, म्हणून मुलांनी आपल्यातलंच एखादं पोर हेरून त्याला छळलं. शाळेत ही व्यवस्था आपोआप बसते, तुम्हाला वेगळे कष्ट नाहीत. तुम्ही पर्यवेक्षकांवर ओरडा, ते बाईंवर ओरडतील, बाई शेवटच्या बाकावर, आणि शेवटचा बाक मधल्या सुट्टीत त्याच्याहून लहान कुणाला तरी गाठेल. परिपत्रकात याला शिस्त म्हणतात.

इतकं ओरडणं प्रकृतीला झेपत नसेल, तर तिसरी शैली आहेच. बैठकांना जा, आणि परत आल्यावर पुढच्या बैठकीला जा. कुणी काही विचारलं तर 'मी शिक्षकांना पूर्ण स्वातंत्र्य दिलंय' म्हणा. त्या प्रयोगातही या मंडळाचं काम सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत सुमार झालं होतं, तेव्हा निकालाची काळजी नको.

आता या लेखाचा खरा गाभा: राउंड. वर्गांवरून फेऱ्या मारणारा मुख्याध्यापक जागरूक दिसतो, आणि दिसणं हे निम्मं काम आहे. उरलेलं निम्मं काम म्हणजे त्या फेरीतून कुणाचाही फायदा होणार नाही याची दक्षता. जेसन ग्रिसम, सुझाना लोब आणि बेंजामिन मास्टर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या मायामी-डेड भागातल्या सुमारे शंभर मुख्याध्यापकांच्या मागे निरीक्षक दिवसभर फिरवले आणि साहेबांचा वेळ कशात जातो ते टिपून घेतलं. शिक्षकांशी बसून त्यांच्या शिकवण्यावर काम करण्यात वेळ गेला, तिथं मुलांची प्रगती बरी होती. वर्गात नुसतं डोकावून जाण्यात जितका वेळ जास्त, तितकी प्रगती कमी, आणि माध्यमिकच्या वरच्या वर्गांत तर अधिकच. तेव्हा कधी नव्हे ते संशोधन आणि तुमची आवड यांचं एकमत झालंय. डोकवा. भरपूर डोकवा.

डोकावण्याचीही एक पद्धत असते. दारात थांबायचं, पाठीमागे हात, सगळा वर्ग उभा राहीपर्यंत काही बोलायचं नाही. मग 'बसा' म्हणायचं. तोवर गणितातली पायरी सुटलेली असते, ती परत मिळत नाही. आत गेलात तर नजर फळ्यावर जाऊ देऊ नका. फळ्यावर नजर गेली की काय शिकवलं जातंय हे कळण्याचा संभव असतो. पंखे, खिडक्या, दप्तरं आणि केस, एवढ्यातच ती फिरवा. समजा, बाईंनी प्रत्येक मुलाला कागदाचा त्रिकोण कापायला लावलाय, त्याचे तिन्ही कोपरे फाडून एका रेषेवर जुळवायला लावलेत, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा एकशे ऐंशी अंश झाले म्हणून ओरडलाय. तुमचा लॉगबुकातला शेरा: 'फरशीवर कागदाचे कपटे आढळले. वर्गात गलका.' पुढच्या वर्षी बाई तो नियम फळ्यावर लिहून देतील आणि दोनदा म्हणून घेतील. फरशी स्वच्छ राहील.

तासानंतर शिक्षकाशी बोलायचं तर नाहीच. 'तास कसा वाटला, सर?' असं कुणी धीर करून विचारलंच, तर 'ठीक. टाचण पूर्ण ठेवा' इतकंच. त्यांना पाच मिनिटं समोर बसवून 'तो त्या कोपऱ्यातला मुलगा तुमचा प्रश्न ऐकून गोंधळला होता, तिथं दुसरं उदाहरण घेतलं असतं तर?' असलं काही बोललात, तर सगळं मुसळ केरात. शिक्षक विचार करायला लागतो, आणि हा आजार शेजारच्या वर्गाला लागायला वेळ लागत नाही.

विचार करायला वेळच उरू नये यासाठी कागद आहेत. अँड्र्यू हाल्पिन आणि डॉन क्रॉफ्ट यांनी १९६३ साली शाळेचं वातावरण मोजायची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात इतर गोष्टींबरोबर मुख्याध्यापक शिक्षकांवर किती बिनकामाची कामं लादतो, हेही शिक्षकांच्याच तोंडून विचारलं जायचं. साठ वर्षांपूर्वी माणसांना याची चौकशी करावीशी वाटली, यावरून परंपरा किती जुनी आहे ते लक्षात घ्या. तुमच्याकडे तर आता मोबाइल आहे. एकच माहिती वहीत, मग तक्त्यात, मग ग्रुपवर फोटो काढून. आणि 'आज तीन वाजेपर्यंत' हा आदेश अडीचला.

विश्वासाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथं नवखे मुख्याध्यापक हमखास चुकतात. त्यांना वाटतं, सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं बरं. अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी १९९० च्या दशकात शिकागोतल्या चारशेहून अधिक प्राथमिक शाळांकडे पाहिलं. ज्या शाळांत मोठ्या माणसांचा एकमेकांवर भरवसा होता, तिथं वाचन-गणितात लक्षणीय सुधारणा होण्याची शक्यता दोनात एक. जिथं भरवसा नव्हता तिथं सातात एक. तुम्हाला त्या सातांतल्या सुरक्षित सहांत राहायचंय.

त्यासाठी भांडणं करायची गरज नाही, भांडणानं उलट मनं मोकळी होतात. केबिनमध्ये 'तुमचं म्हणणं अगदी बरोबर' म्हणा आणि सभेत त्याच शिक्षकाकडे न बघता 'काही जणांना असं वाटतं' असं म्हणून ते म्हणणं उडवून लावा. शिक्षकसभा बोलवा, मतं मागवा, सगळ्यांचं ऐकून झाल्यावर खणातून टंकलेला निर्णय काढा. तारीख कालची असू द्या, म्हणजे गैरसमज राहणार नाही. पालक तक्रार घेऊन आले, तर शिक्षकाला त्यांच्यासमोरच बोलावून घ्या. दोन्ही बाजू आधी एकट्यानं ऐकणं हा दुबळेपणा. आणि स्टाफरूममध्ये एक माणूस असा ठेवा, जो तिथलं सगळं संध्याकाळपर्यंत तुमच्या कानावर घालेल. त्याच्याकडून फार काही कळत नाही. पण तो आहे हे बाकीच्यांना कळतं, आणि त्यानंतर स्टाफरूममध्ये हवापाण्याखेरीज विषय निघत नाही.

यात एक अडचण येऊ शकते. एखादा शिक्षक सभेत उभा राहून सांगतो, 'मागचा धडा माझ्या वर्गाला समजलेला नाही, मी कुठंतरी कमी पडलो.' या माणसाला ताबडतोब नोटीस द्या. असली कबुली एकदा खपवून घेतली, की दुसरा म्हणतो माझंही तेच झालं, तिसरी बाई सांगते मी हे असं करून पाहिलं होतं, आणि बघता बघता सभेत शिकवण्याची चर्चा सुरू होते. नोटीस दिलीत, तर यापुढे प्रत्येक वर्गाला प्रत्येक धडा समजलेला असेल.

काही मुख्याध्यापक, आणि मुख्याध्यापिकाबाईसुद्धा, जात्याच उत्साही असतात. त्यांना नुसतं दरडावून समाधान मिळत नाही, त्यांना शाळा 'घडवायची' असते. त्यांच्यासाठीही जागा आहे. भिंतीवर ध्येयवाक्य रंगवा, गेटवर दुसरं, वहीच्या मुखपृष्ठावर तिसरं. तिन्ही वेगळी असली तरी चालतील, एकत्र कुणी वाचत नाही. प्रशिक्षण असलं की उद्घाटनाला या, पाऊण तास प्रेरणा द्या, आणि दुसऱ्या महत्त्वाच्या कामासाठी निघून जा. जाणं फार महत्त्वाचं. न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मोजले, तेव्हा नुसत्या प्रेरणादायी नेतृत्वापेक्षा शिकवण्याकडे लक्ष देणाऱ्या नेतृत्वाचा मुलांच्या प्रगतीवरचा परिणाम तीन-चार पट भरला. त्यातही सगळ्यांत भारी ठरलं ते शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकानं स्वतः सामील होणं. म्हणजे बाकावर, शिक्षकांशेजारी, वही उघडून. एकदा तसे बसलात आणि 'हे मलाही नीट माहीत नव्हतं' असं तोंडून निघून गेलं, तर इतक्या वर्षांत कमावलेला दरारा गेलाच म्हणून समजा.

राहता राहिला निकाल. निकाल म्हणजे शिकणं नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. वर्तमानपत्राला ठाऊक नाही. मुलांची तीन गटांत वाटणी करा. हुशार मुलं आपोआप पास होतात. फार मागची होत नाहीत. मधली काठावरची तेवढी धरा आणि सगळे जादा तास त्यांच्यावर ओता. टेक्सासमधल्या एका शाळेत नेमकं हेच चालत असल्याचं २००५ साली एका संशोधिकेनं नोंदवून ठेवलंय, म्हणजे तुम्ही एकटे नाही. मागच्या मुलांना वाचता येत नाही ही गोष्ट त्यांच्या घरची परिस्थिती म्हणून खपते.

फक्त फार ताणू नका. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात आकड्यांसाठी वरून इतका धाक होता, की २००९ च्या परीक्षेनंतर शाळांमधली मोठी माणसंच मुलांच्या उत्तरपत्रिकांवर चुकीचं खोडून बरोबर करत बसली. २०११ च्या सरकारी चौकशी अहवालात ४४ शाळांमधल्या १७८ जणांची नावं आली, त्यांत ३८ मुख्याध्यापक. पुढं काहींना शिक्षाही झाल्या. अहवालानं तिथल्या भीतीच्या वातावरणावर बरंच लिहिलं. धाक असावा, पण खोडरबरापर्यंत जाऊ नये, इतकाच त्यातून घ्यायचा तो बोध घ्या.

चांगले शिक्षक दोन-तीन वर्षांत सोडून जातील. जाऊ द्या, निरोपाला चार शब्द बोला. हानुशेक मंडळींच्याच अभ्यासात कर्तबगार मुख्याध्यापकांच्या शाळांतून कमकुवत शिक्षक बाहेर पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तुमच्याकडे उलट असेल, आणि जे राहतील ते तुमचे असतील.

तरीही एखाद्या संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, कुणीतरी नव्यानं लागलेली शिक्षिका दारावर टकटक करून आत येईल. हातात वह्यांचा गठ्ठा असेल. ती म्हणेल, 'सर, सातवीतल्या बऱ्याच मुलांना पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचताच येत नाही. मी एक-दोन गोष्टी करून पाहिल्यात, थोडा फरक पडलाय. तुम्ही उद्या पहिल्या तासाला वर्गात येऊन बसाल का? मग आपण ठरवू या पुढं काय करायचं ते.'

घड्याळाकडे बघा. पेनाचं टोपण लावा. आणि म्हणा, 'लेखी द्या.'