सफरचंद आणि ओली थंडी

“सफरचंद ना? थंडीतलंच फळ ते. तुमच्याकडे आपोआप येत असेल!” असं म्हणणाऱ्याला एकदा हातात छत्री देऊन माझ्या झाडाखाली उभं करायचं आहे.

थंडी लागते, कबूल. सात अंशांखाली आठशे-हजार तास काढल्याशिवाय बऱ्याच जाती वसंतात धड जाग्याच होत नाहीत. तेवढी थंडी आमच्याकडे ढिगाने पडते. पण झाडाला हवी असते ती झोपेतली थंडी. जागं झाल्यावर तीच थंडी त्याच्या जिवावर उठते. उणे दोनला दहातलं एखादं फूल जातं, उणे चारला दहातलं एखादं उरतं. आणि गेलेलं फूल दिसतं कसं, तर टवटवीत! पाकळ्या बाजूला करून पाहावं, तर मधला स्त्रीकेसर काळा ठिक्कर.

वाचलेल्या फुलांना दुसऱ्या जातीचे पराग लागतात. ते आणायचे मधमाश्यांनी, आणि पारा दहा-बारा अंशांवर चढल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नाहीत. पाऊस असला तर विषयच संपला. गुबगुबीत, केसाळ भुंगे तेवढे गारठ्यातही कामावर येतात. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

खरा वैताग मात्र स्कॅबचा. ही बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतातल्या पावसात कोवळ्या पानांवर उडी घेते. सतरा-अठरा अंशांना पान सलग नऊएक तास ओलं राहिलं की तिचं काम झालं. सहा अंशांना जवळपास अख्खा दिवस लागतो. आमच्याकडे पान चार-चार दिवस वाळत नाही, त्यामुळे तिला कसलीच घाई नसते. मला असते. मी रात्री टॉर्च घेऊन पानं चाचपतो.

“अहो, दोन वाजलेत. झाडाची नाडी सकाळी बघा,” बायको खिडकीतून ओरडते.

शरदात जी काही फळं हाती लागतात, ती खरबरीत काळ्या डागांनी भरलेली, काही तडकलेली. डाग सालीपुरताच असतो, सोललं की आत फळ उत्तम, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगतो. परवा एक पाहुणे टोपलीकडे बराच वेळ बघत राहिले.

“फवारणी नाही ना केलेली?”

“अजिबात नाही.”

“वा! मग हीच खरी सफरचंदं,” म्हणाले, आणि टोपली तळापर्यंत उपसून बिनडागाची दोन घेऊन गेले. होतीच दोन.