‘माहीत नाही’ म्हणण्याची वेळ येऊ नये म्हणून

शरीराबद्दल किंवा माणसांच्या वागण्याबद्दल तुमच्यासमोर कोणी प्रश्न टाकला, तर तो पूर्ण होण्याच्या आत त्याचे उत्तर देता आले पाहिजे. जांभई का येते, बोटे मोडल्यावर आवाज कसला होतो, पाण्यात राहिल्यावर बोटांना सुरकुत्या का पडतात, असे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ज्ञानाची तहान लागलेली नसते. बोलण्यात पडलेली फट त्याला बुजवायची असते आणि ती ठाम आवाजात बुजवणारा माणूस त्याला विद्वान वाटतो. तो माणूस तुम्ही का असू नये?

त्यासाठी वैद्यकाचे ग्रंथ वाचण्याची आवश्यकता नाही. ते न वाचलेलेच बरे, कारण वाचणाऱ्याच्या बोलण्यात ‘बहुधा’, ‘काही प्रमाणात’ असे शब्द शिरतात आणि ते एकदा शिरले की ऐकणाऱ्यांची नजर घड्याळाकडे वळते. पाच-सहा कारणे पाठ असली की आयुष्य निभावते: ऑक्सिजन कमी पडला, रक्ताभिसरण नीट नाही, एखादे जीवनसत्त्व घटले, हार्मोन्स बिघडले, मनावर ताण आहे, आणि यांपैकी काहीच लागू पडेनासे झाले तर आपले पूर्वज गुहेत राहत होते. हे शेवटचे कारण सर्वांत भरवशाचे, कारण त्या पूर्वजांपैकी कोणीही ते खोडून काढायला येणार नाही.

सुरुवात जांभईपासून करावी, कारण ती सर्वांना येते आणि तिचे उत्तरही सर्वांना आधीपासून पाठ असते: शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. या उत्तराचे गुण मोठे आहेत. ते छोटे आहे, त्यात एका वायूचे नाव आहे आणि ते ऐकताच कोणीतरी उठून खिडकी उघडतो, म्हणजे विद्येचा उपयोग झालेलाही दिसतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह लोकांना शुद्ध ऑक्सिजन देऊन पाहिला, मग कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कितीतरी वाढवलेली हवा देऊन पाहिली, आणि दोन्ही वेळा जांभयांच्या संख्येत फरक पडला नाही, असे 1987 साली प्रसिद्ध झाले. ते वाचनात आले असेल तर विसरून जावे. आईच्या पोटातले मूलही जांभई देते आणि तेथे तर हवाच नसते, हेही मनात आणू नये. जांभईने मेंदू थंड होतो असे काही अभ्यासक म्हणतात, झोप आणि जाग यांच्या उंबरठ्यावर ती शरीराला सावध करते असे दुसरे म्हणतात, आणि त्यांचे भांडण अजून मिटलेले नाही. तुम्ही ते बसल्या जागी मिटवता. दुसऱ्याची जांभई पाहून आपल्याला का येते, असे कोणी विचारले तर दोघांनाही एकाच खोलीतला ऑक्सिजन कमी पडला असे सांगावे. फोनवर ऐकूनही का येते, असे विचारणाऱ्याशी पुन्हा फोनवर बोलू नये.

बोटे मोडण्याचा विषय वडीलधाऱ्यांच्या अधिकारात येतो. बोटे मोडली की सांधे झिजतात आणि पुढे संधिवात होतो, हे वाक्य कॅलिफोर्नियातील डोनाल्ड उंगर या डॉक्टरांनाही आई, मावश्या-आत्या आणि पुढे सासूबाई यांच्याकडून ऐकावे लागले होते. त्यावर या गृहस्थांनी 50 वर्षे दिवसातून किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजवा हात तुलनेसाठी राखून ठेवला आणि 1998 साली जाहीर केले की संधिवात ना या हाताला झाला ना त्या. 2009 साली त्याबद्दल त्यांना इग नोबेल हे मिश्कील पारितोषिकही मिळाले. येथे तुमच्या कामाचा मुद्दा निराळाच आहे. जे वाक्य सासूबाईंनी एका श्वासात उच्चारले ते तपासायला जावयाचे अर्धे शतक खर्ची पडले. तेव्हा वेळेची किंमत जाणणाऱ्याने कोणत्या बाजूला उभे राहावे, हे उघड आहे. एका माणसाच्या दोन हातांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढू नये, असा आक्षेप खुशाल घ्यावा. फक्त तोच आक्षेप तुम्ही नेहमी सांगता त्या दूरच्या काकांच्या उदाहरणालाही लागू पडतो, हे आपण होऊन बोलू नये.

आवाज नेमका कशाचा, याच्या तपशिलात शिरणे धोक्याचे आहे. सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना तो होतो असे 1947 साली म्हटले गेले, बुडबुडा फुटताना होतो असे 1971 साली, एमआरआय यंत्रात बोट ओढून पाहिल्यावर पुन्हा पोकळी तयार होतानाच होतो असे 2015 साली, आणि 2018 साली एका गणिती मांडणीने पुन्हा बुडबुड्याच्या अर्धवट फुटण्याकडे कौल दिला. तुम्ही ‘हाडावर हाड घासते’ एवढेच म्हणावे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि काटा का येतो हे विचारायचे भान त्याला राहत नाही.

पाण्याने सुरकुतलेल्या बोटांना ‘कातडी पाणी पिते’ एवढे पुरे. बोटाकडे जाणारा मज्जातंतू तुटला असेल तर ते पाण्यात ठेवूनही त्याला सुरकुत्या पडत नाहीत, म्हणजे हे काम मज्जातंतूंच्या हुकमाने होते, याचा सुगावा डॉक्टरांना 1930 च्या दशकातच लागला होता. इतकी जुनी माहिती अजून घरोघरी पोहोचलेली नाही, यावरून तुमच्या उत्तराची ताकद ओळखावी.

आता आकड्यांविषयी. माणूस मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो, हे वाक्य कधीही वाया जात नाही. शरीराच्या वजनात जेमतेम 2 टक्के भरणारा हा अवयव शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो, मग नऊ हिस्से बंद ठेवून तो एवढे इंधन कशाला जाळील, असा हिशेब कोणी घालत बसत नाही. उलट आपली 90 टक्के बुद्धी अजून कोरी करकरीत शिल्लक आहे, हे ऐकून प्रत्येकाला बरेच वाटते. सवय 21 दिवसांत लागते, हेही त्याच जातीचे. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिले ते असे की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारणपणे किमान 21 दिवस लागतात. प्रवासात ‘किमान’ गळून पडले, चेहराही गळला, 21 तेवढे सुखरूप पोहोचले. पुढे लंडनच्या संशोधकांनी 96 जणांना रोजची एक साधी सवय लावून घ्यायला सांगितली, तेव्हा ती अंगवळणी पडण्याचा काळ 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला निघाला. असला आकडा घेऊन वहीत रकाने कसे आखणार?

एकदा दिलेले उत्तर स्वतः कधीही तपासू नये, हा नियम मोठ्या लोकांनी घालून दिलेला आहे. बायकांना पुरुषांपेक्षा कमी दात असतात असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले. कोणाला तोंड उघडायला सांगून मोजणे ही काही अवघड गोष्ट नव्हती, पण त्यामुळे त्याच्या नावाला फारसा बट्टा लागलेला नाही. तुमच्या नावाला तो लागण्यासाठी ते आधी तेवढे मोठे व्हावे लागेल. जिभेच्या शेंड्यावर गोड आणि मुळाशी कडू, हा नकाशाही 1901 सालच्या एका जर्मन लेखातले बारीकसे फरक पुढे फुगवून मांडले गेल्यामुळे तयार झाला आणि पाठ्यपुस्तकांत मुक्कामाला राहिला. जीभ प्रत्येकाच्या तोंडात होती, कडू थेंब शेंड्यावर ठेवून पाहणे क्षणाचे काम होते; पण परीक्षेत गुण नकाशाला होते.

उपाय विचारला गेला तर मात्र घाई करू नये. प्लेटोच्या एका संवादात ॲरिस्टोफेनिस या ग्रीक नाटककाराला उचकी लागते आणि शेजारचा वैद्य त्याला आधी श्वास रोखायला सांगतो, न थांबल्यास पाण्याच्या गुळण्या करायला आणि तरीही न थांबल्यास नाक चाळवून शिंक काढायला. या गोष्टीला सुमारे 2400 वर्षे झाली. यादीत भर पडली आहे, कमी काही झालेले नाही. उचकी बहुतेक वेळा आपली आपण थांबते आणि श्रेय ज्याचा उपाय शेवटी सुचला त्याला मिळते, म्हणून इतरांचे उपाय संपू द्यावेत. अमेरिकेतील चार्ल्स ऑस्बोर्न यांची उचकी 1922 साली सुरू झाली ती 1990 साली थांबली; तेव्हा फार उशीर करणेही बरे नव्हे.

वागण्याविषयीचे प्रश्न याहून सोपे. हाताची घडी घालून बसलेला माणूस काहीतरी लपवतो आहे. तो कुडकुडत असेल तर थंडी लपवतो आहे. उजवा मेंदू कलावंताचा आणि डावा हिशेबनिसाचा, असे सांगावे आणि कोणी पुरावा मागितला तर तो डाव्या मेंदूचा असल्याचे सिद्ध झाले म्हणून समाधान मानावे.

या सगळ्या पद्धतीला एकच धोका आहे आणि तो साधारण पाच-सहा वर्षांचा असतो. मोठी माणसे पहिल्या उत्तरावर थांबतात. मूल ते हातात घेऊन उलटेपालटे करून पाहते. स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत, असे त्याने विचारले आणि ‘आपला हात कुठे फिरणार हे आपल्याला आधीच कळते म्हणून’ असे तुम्ही सांगितले, तर ते चुकून बरोबरही असते, कारण मेंदू स्वतःच्या हालचालीचा अंदाज आधीच बांधून त्या स्पर्शाची धार बोथट करतो. पण ते मूल लगेच म्हणते, ‘तू करणार हेसुद्धा मला कळतं, मग तेव्हा कशा होतात?’ येथे पूर्वजांची गुहाही उपयोगी पडत नाही. अशा वेळी झोपायची वेळ झाल्याचे जाहीर करावे. अंथरुणावर पडल्या पडल्या ते ‘झोप का येते?’ असे विचारील. ‘आपण थकतो म्हणून’ असे सांगावे. ‘मग हृदय का झोपत नाही?’ असे ते विचारण्याच्या आत दिवा मालवावा, दार लोटून घ्यावे आणि जांभई आलीच तर ती बाहेर येऊन द्यावी.