वर्षाची चटणी

बँकेत नोकरी करणाऱ्याला वर्षातून एकदाच मार्चअखेर सोसावी लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सांगलीच्या गावभागात आमच्या घरी यावं. ३१ तारखेचे आकडे एकदाचे जुळवून मी जरा कुठे पाय पसरतो, तोवर आई विचारते, "सुट्टी कधी हाय रं तुला?" मी मनात म्हणतो, आली मिरची.

बाहेरगावच्या मंडळींसाठी खुलासा करतो. इडलीशेजारी वाटीत बसते ती आमची चटणी नव्हे. तुमच्याकडे ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती आमची चटणी. आमटीला तीच, पिठल्याला तीच, आणि घरात काहीच नसलं तर तेल घालून भाकरीवरही तीच. वर्षातून एकदाच होते. घरात खाणारी माणसं तीन, आणि मिरची पाच किलो. हे गणित कुठलाच ऑडिटर पास करणार नाही.

मिरची निवडायला आई जातीनं येते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. एकेक मिरची कानाशी नेऊन ती बिया वाजवून बघते, मोडून वास घेते, आणि दुकानदार गप्प उभा राहतो. मध्येच मी माझं ज्ञान पाजळलं, "आई, ब्याडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली."

"मग दर कमी झाला काय?"

झाला नव्हता.

गच्चीवर दोन दिवस ऊन दिलं की देठ काढायचं काम माझ्याकडे. त्याच आठवड्यात बँकेनं आम्हाला एका प्रशिक्षणाला बसवलं होतं. विषय, काम आणि कुटुंब यांचा समतोल. टाय घातलेला एक मुलगा सांगत होता, "आयुष्याचा अर्थ शोधा, मनाला भिडेल ते करा." मी घरी आलो आणि रात्री साडेअकरापर्यंत मनाला भिडेल ते केलं. नोटा मोजायची सवय, त्यामुळे नकळत मिरच्यांचे शंभर-शंभरचे गठ्ठे लावत गेलो. बायकोनं ते बघितलं आणि काही न बोलता आत निघून गेली.

मग मी डोळा चोळला.

मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं, हे मला कधीतरी शाळेत शिकवलं असणार. मी मात्र बेसिनचा नळ सोडून शंकराच्या पिंडीसारखा खाली उभा राहिलो. पाण्यानं आग पसरत गेली. शेवटी बायको आली. मला खुर्चीत बसवून डोळ्यावर दुधाची घडी ठेवली आणि हाताला गोडेतेल चोळायला लागली. "लोकांचे पैसे कसे काय सांभाळता हो तुम्ही? एवढं कळत नाही?" दहा मिनिटं ती एकेक बोट चोळत होती आणि दहा मिनिटं बोलत होती. लग्नाला २७ वर्षं झाली. इतका वेळ हातात हात याआधी एकदाच होता, तोही भटजींनी सांगितलं म्हणून. दुसरा डोळाही चोळावा असं क्षणभर मनात आलं होतं, पण मी मोह आवरला.

धणे, खोबरं, तीळ, दगडफूल वगैरे भाजताना गल्लीत काय होतं ते लिहीत नाही. शेजारी आता खोकल्यावरूनच ओळखतात.

खरी परीक्षा डंकावर, म्हणजे चटणी कुटायच्या गिरणीत. पहाटे सहाला जाऊन डबे रांगेत ठेवायचे आणि हलायचं नाही, कारण आपल्या आधी कुणाची चटणी पडली यावर आपली ठरते. पुढच्या बाईंच्या मिरचीचा रंग बघून आईनं माझ्या कानात सांगितलं, "भुसा मिसळलाय. तिची उखळ पुसून घ्यायला सांग." हे त्या बाईंसमोर कसं सांगायचं? मी शिंकलो. तिथं शिंक हे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर असतं. लोखंडी मुसळं धाडधाड पडत होती आणि मी नाकाला टॉवेल बांधून तीन तास स्वतःच्या घराण्याच्या अब्रूवर पहारा देत होतो.

घरी आल्यावर वाटप. पाच किलो मिरची कुठं जाते ते इथं कळतं. लेक पुण्यात हिंजवडीला नोकरीला. फोनवर म्हणते, "आज्जी, इथं सगळं मिळतं गं," आणि नंतर मला वेगळा फोन करून, "बाबा, दोन किलो पाठवा, मैत्रिणींनी मागच्या वेळची संपवली." मुंबईच्या बहिणीला एक. माझ्या साहेबांना पाव, कारण आईला अजून वाटतं माझं प्रमोशन राहिलंय. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा माळ्यावर पहिली चढली ती चटणीची बरणी. माझ्या सर्टिफिकेटांचा नंबर नंतर लागला.

शेवटी एक बरणी उरली. आईनं झाकण घट्ट लावलं आणि तासगावच्या मामाकडं पोचवायला सांगितलं.

मी चमकलो. मामानं नातवाच्या बारशाचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं, तेव्हापासून, म्हणजे दीड वर्षं, आई त्याच्याशी बोलत नाही.

"अगं, पण तुमचं तर बोलणं बंद आहे."

"बोलणं बंद हाय. चटणी न्हाई."

गेलो. माधवनगर, कवठेएकंद करत भर दुपारी तासगाव. मामानं झाकण उघडलं, वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता पाघळणार.

"औंदा मीठ कमी हाय," तो म्हणाला. "सांग तिला."

सांगितलं. मला वाटलं, आता दीड वर्षाची तीन वर्षं होणार. पण आई ताडकन उठली. मीठ कमी पडलं तर पावसाळ्यात चटणीला जाळी धरते. तिनं आमच्या बरणीतली चिमूट चाखली, माझ्याकडं बघितलं, कारण मीठ मी मोजलं होतं, आणि आत जाऊन खडेमीठ भाजून, कुटून, कागदात बांधून आणलं.

"आत्ता?" मी विचारलं.

"मग काय जाळी धरल्यावर? आणि त्याला म्हणावं, नीट कालव. न्हाई जमलं तर बरणी घिऊन हिकडं ये."

शंभराचं पेट्रोल टाकून, मूठभर मीठ खिशात घेऊन मी पुन्हा तासगावच्या रस्त्याला लागलो. माधवनगरला मामाचा फोन आला, "तू निघालायस काय? थांब तिथंच, मी बरणी घिऊन येतोय."