बर्फातल्या वाटेचे पैसे कोणी द्यायचे?

सुट्टीवर आलो की पहिल्या आठवड्यात कट्ट्यावर माझी हजेरी घेतली जाते. यंदा सांगितलं, फेब्रुवारीभर बोथनियाच्या आखातात होतो, आखाताच्या पार वरच्या टोकाला, फिनलंडच्या केमी आणि ओउलू या बंदरांच्या खेपा करत. बोलता बोलता हेही निघालं की तिथले दोन संशोधक आमच्या जहाजाच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, उतरून आतल्या लोखंडी बरगड्यांवर सेन्सर बसवून गेले. बर्फाचा मार किती बसतो ते मोजायला.

"याचे पैसे कोण देतं?" अण्णांनी विचारलं. अण्णा बँकेतून निवृत्त झालेत. कुठलीही गोष्ट ते आधी खर्चाच्या बाजूने बघतात, आणि कट्ट्यावर असं एक माणूस लागतंच.

"फिनलंड आणि स्वीडनची सरकारं. हिवाळी जहाजवाहतुकीच्या संशोधनासाठी दोघांचं मिळून एक मंडळ आहे."

"म्हणजे कर लोकांनी भरायचा आणि नफा जहाजमालकाचा. ज्याला बर्फातून माल न्यायचाय त्याने करावं संशोधन. सरकारने कशाला मध्ये पडायचं?"

मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवलेला माणूस. "अण्णा, त्या देशाचं एकूण एक बंदर हिवाळ्यात गोठू शकतं. १८६७ साली त्यांचं पीक बुडालं, बाहेरून धान्य मागवायला उशीर झाला आणि समुद्र गोठला. धान्य आत येईना. त्या दुष्काळात दर शंभरातली आठेक माणसं गेली. आपल्याकडे बहात्तर म्हटलं की सुकडी आणि खडी फोडणारे हात आठवतात ना? त्यांना तो हिवाळा तसा आठवतो."

मी म्हटलं, मास्तर, योगायोग बघा, या दोन देशांनी संशोधन एकत्र करायचं ठरवलं तेही १९७२ सालीच. आज फिनलंडचा परदेशी व्यापार वजनात मोजला तर शंभरातला नव्वदच्या वर समुद्रातूनच चालतो. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून झाप घालून ठेवल्या तरी दोन महिने कळ काढता येते. केमीला बर्फ पाच-सहा महिने असतो. तेवढे दिवस देश बंद ठेवणार कसा?

"बंदर उघडं ठेवा ना," अण्णा म्हणाले. "बर्फ फोडणारी जहाजं सरकारची, तिथपर्यंत मला मान्य आहे. पण फोडायचं ते कळलंय सगळ्यांना. त्यात शोधायचं काय राहिलंय?"

इथे मला नीट समजावून सांगावंसं वाटलं, कारण त्या समुद्रात जाईपर्यंत माझीही समजूत हीच होती. बर्फ एकदा फोडला की वाट झाली! तसं होत नाही. आइसब्रेकरने चर पाडली की ती तुकड्यांनी भरते. उघडं पडलेलं पाणी रात्रीत पुन्हा गोठतं. दुसरं जहाज जातं, ते फोडतं, पुन्हा पाणी उघडं, पुन्हा गोठतं. जितकी जहाजं जास्त जातील तितका त्या चरीत बर्फाचा चुरा वाढत जातो, आणि काही दिवसांनी आजूबाजूच्या सपाट बर्फापेक्षा वाटेतलाच थर जाड होतो. वापरातली वाटच अवघड होते. या चुऱ्यातून किती ताकदीचं इंजिन किती वेगाने जाईल, यावर तिथला अख्खा नियम उभा आहे. बर्फात चालण्याच्या क्षमतेवरून तिथे जहाजांना दर्जे असतात; त्यातल्या 'वन ए' दर्जाचं जहाज एक मीटर जाड चुऱ्यातून निदान ५ नॉटने, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास, पुढे सरकलं पाहिजे. ऐन थंडीत उत्तरेच्या बंदरांकडे जायचं आणि जहाजाचा दर्जा किंवा आकार कमी पडला, तर आइसब्रेकरची मदत मिळत नाही. तुमचं तुम्ही बघा.

"बरोबर आहे की," अण्णा म्हणाले.

"बरोबर, पण हा ५ नॉटचा हिशोब कोणी बसवायचा? मालकाने?"

अण्णा गप्प बसले, म्हणून मी पुढे बोललो. मालकाला इंजिन लहान हवं असतं. वर्षातले बाकीचे महिने मोकळ्या पाण्यात मोठं इंजिन म्हणजे नुसता भार आणि वायफळ तेल. त्यात २०१३ पासून नव्या जहाजांना इंधन-कार्यक्षमतेचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक लागू झाला. तो चांगलाच आहे, पण त्याचा सोपा मार्ग इंजिन लहान करण्याकडे जातो. असं जहाज बर्फात अडकलं की आइसब्रेकरने यायचं, आपल्या मागच्या टोकाच्या खाचेत त्याची नाळ घट्ट बांधून घ्यायची आणि ओढत न्यायचं. मालकाचं तेल वाचलं आणि ओढण्याचा खर्च लोकांच्या करातून गेला. अण्णा, तुमचंच तत्त्व लावा. ज्याचा खर्च त्याने करायचा असेल, तर कमीत कमी ताकद किती हे कोणीतरी तटस्थपणे मोजून सांगावं लागेल. ते मोजणं म्हणजेच हे संशोधन.

बंड्या इतका वेळ मोबाइल बघत होता. त्याचा मुद्दा मात्र टोकदार होता. "पण काका, बर्फच संपत चाललाय. वितळणाऱ्या गोष्टीवर कशाला पैसे घालायचे?"

हा प्रश्न मला जहाजावरही पडला होता. आकडे त्याच्या बाजूने आहेत. बोथनियाचं आखात ज्याचा भाग आहे त्या बाल्टिक समुद्रावर २०१०-११ च्या हिवाळ्यात जास्तीत जास्त बर्फ पसरला तो ३,०९,००० चौरस किलोमीटर, आणि २०१९-२० मध्ये फक्त ३७,०००. पण बोथनियाच्या वरच्या टोकाला बर्फ त्या वर्षीही होता. आणि बर्फ पातळ असला की वारा त्याला हलवतो, एकावर एक चढवतो, बांध रचतो. मार्च २०१० मध्ये वाऱ्याने बर्फ आवळत आणला तेव्हा स्टॉकहोमच्या बाहेर पन्नासेक जहाजं एकदम अडकून पडली होती, त्यांत प्रवासी बोटीही होत्या. सलग दोन-तीन हिवाळे सौम्य गेले की मालक हलकी जहाजं घेतात, खलाशांचा हात सुटतो, आणि मग एखादा कडक हिवाळा येतो. मला त्या हिवाळ्याची भीती जास्त वाटते.

अण्णांनी तेवढ्यात दुसरी बाजू काढली. बर्फाचे हौद बांधून त्यात खेळण्याएवढी जहाजं चालवणाऱ्या कंपन्या धंदाच करतात ना, मग त्यांनी स्वतःच्या खिशातून करावं. यात तथ्य आहे आणि मी ते कबूल केलं. तेलकंपनीला आर्क्टिकमधून टँकर न्यायचा असेल तर तो खर्च तेलकंपनीचा. हेलसिंकीतला पहिला बर्फाचा हौद १९६९ साली असाच उभा राहिला, जमिनीखालच्या एका बॉम्बनिवाऱ्यात. पैसा एस्सो कंपनीचा होता. त्यांना 'मॅनहॅटन' नावाचा टँकर कॅनडाच्या उत्तरेकडून अलास्कापर्यंत नेऊन बघायचा होता. टँकर गेलाही. पण पुढे तेलासाठी नळ टाकायचं ठरलं आणि टँकरचा बेत तिथेच संपला. धंद्याचा पैसा धंद्यापुरता असतो. केमीला दर फेब्रुवारीत जाणाऱ्या साध्या मालवाहू जहाजाच्या बरगडीसाठी कुठली तेलकंपनी पैसे घालेल?

हौदाची गंमत मास्तरांना फार आवडली. जहाज विसाव्या भागाइतकं लहान केलं तर बर्फही तितकाच कमजोर करावा लागतो, नाहीतर मोजमाप खोटं येतं. म्हणून पाण्यात मीठ किंवा अल्कोहोल मिसळून, बारीक फवारे मारत, थरावर थर चढवत मुद्दाम दुबळा बर्फ बनवतात. "कमजोर करायलाही एवढी मेहनत," मास्तर म्हणाले.

मग मी त्यांना एका रात्रीचं सांगितलं. पहाटे दोनला माझी वॉच होती. इंजिन थंड करणारं समुद्राचं पाणी सी चेस्टमधून, म्हणजे जहाजाच्या बुडाशी असलेल्या पेटीतून, आत येतं. तिथे बर्फाचा लगदा बसायला लागला आणि पाण्याचा दाब उतरू लागला. बाहेर उणे वीस. इंजिन बंद पडलं असतं तर चहूबाजूंनी बर्फाने आम्हाला धरलं असतं. मी एक व्हॉल्व्ह उघडला. इंजिनातून बाहेर पडणारं गरम पाणी परत सी चेस्टमध्ये फिरलं, लगदा विरघळला, दाब चढला. ती पाइपलाइन जहाजावर होती कारण फिनलंड-स्वीडनच्या नियमात ती लिहिलेली आहे, आणि ती नियमात आली कारण कोणीतरी, कोणाच्या तरी पैशाने, असा लगदा कसा बसतो ते आधी बघितलं होतं. त्या रात्री खाली इंजिनरूममध्ये आम्ही तिघे होतो: मी, इंजिनावरचा एक तमिळ कामगार आणि एक फिलिपिनो मदतनीस. आमच्यापैकी कोणाच्याच देशाने त्या संशोधनाला पैसा दिलेला नाही.

थोडा वेळ कोणी बोललं नाही.

"मालकाकडून काहीच घेत नाहीत?" अण्णांनी पुन्हा विचारलं, आवाज जरा खाली आणून.

"घेतात. फिनलंडमध्ये जलमार्गाचा कर जहाजाच्या बर्फदर्जावर ठरतो. दर्जा चांगला, तर कर कमी."

"हं. हे ठीक केलंय." मग जरा थांबून, "आणि लोकांच्या पैशाचं आहे, तर अहवाल लोकांना वाचायला मिळतात का?"

"मिळतात. मंडळाचे अहवाल खुले असतात."

"मग त्या बरगडीचा अहवाल आला की मला छापून आण. मोठ्या अक्षरात."