सबपार म्हणे!

आज आमच्याकडे अप्रेझल होतं. टीममधल्या सगळ्यात धाकट्या पोरीला साहेबांनी ऐकवलं, "युअर वर्क इज सबपार." म्हणजे काम अपेक्षेपेक्षा कमी. तिने चाचरत विचारलं, मग मी रविवारी येऊन काम केलं त्याचं काय? "दॅट्स पार फॉर द कोर्स." म्हणजे ते तर अपेक्षितच. झालं, मिटला विषय! केबिनमध्ये गोल्फच्या पटिंगची, म्हणजे चेंडू हळूच ढकलायच्या सरावाची, हिरवी पट्टी अंथरलेली आहे, त्यामुळे शब्द कुठून येतात ते कळतं.

माझा मामा चेंबूरला गोल्फ खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलायचा, कॅडी होता. पार म्हणजे काय हे मला त्याने शाळेत असतानाच सांगितलेलं. चांगल्या खेळाडूने एखादं होल किती फटक्यांत संपवावं, तो ठरलेला आकडा. पार चार असताना तीनमध्ये चेंडू आत गेला की बर्डी. म्हणजे पारच्या खाली जाणं ही कमाई आहे हो! खेळणारा पारखाली आला की मामाला बक्षिसी सढळ हाताने मिळायची. वर गेला की बॅग गाडीत ठेवेपर्यंत सगळे चिडीचूप.

आता कुणीतरी येऊन सांगेलच की 'पारच्या खाली' हे शेअरबाजारात गोल्फच्या आधीपासून आहे आणि तिथे तो तोटाच. बरं, मान्य. आपणही गुगली आणि विकेट करतोच. पण क्रिकेट आपण गल्लीत खेळलोय, ते शब्द आमच्या शिपायालाही कळतात.

आणि ते 'स्टायमी'! "प्रोजेक्ट स्टायमी झालाय." म्हणजे अडलाय. मामाने हेही जुन्या कॅडींकडून ऐकलेलं. समोरच्याचा चेंडू तुमच्या आणि होलच्या मधोमध येऊन बसला, आणि दोन्ही चेंडूंत सहा इंचांहून जास्त अंतर असलं, तर तो उचला म्हणायची सोय नव्हती. वळसा घाला नाहीतर वरून उडवा. 1952 च्या नियमांत गोल्फवाल्यांनीच ते काढून टाकलं. आमच्याकडचा चेंडू अजून केबिनमध्ये बसलाय.

मलिगन मात्र मला आवडतो. पहिलाच फटका वाया गेला तर सोबतचे म्हणतात, सोड, मोजत नाही, पुन्हा मार. नियमांच्या पुस्तकात नाही, दोस्तीखात्यात चालतं. मामा म्हणायचा, मोठमोठे साहेब एकमेकांना हे सर्रास देतात. मग त्या पोरीला द्यायला काय झालं होतं? नोकरीला लागून वर्षही झालं नाही तिला.

उद्या एचआरला मेल टाकतेय. आमच्या ऑफिसातले जे कुणी इथे वाचताय आणि सीसीत यायची तयारी आहे, त्यांनी इनबॉक्स करा. नुसते लाइक नकोत.